चौऱ्याहत्तर की एकवीस

माझा स्वभाव गोड आहे असं मी म्हणणार नाही, आणि तसं म्हणणारं दुसरं कुणी अजून भेटलेलंही नाही. पण मला शिकवता येतं. पनवेलच्या कॉलेजात बारा वर्षं मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होते, आणि माझ्या तासाला डुलकी काढायची कुणाची हिंमत नव्हती. अपवाद एका धड्याचा. लिंगसंलग्न आनुवंशिकता. हे नाव फळ्यावर लिहून पूर्ण होईपर्यंत मागचे दोन बाक आडवे झालेले असायचे. जगातली इतकी गमतीची गोष्ट, आणि तिला नाव असं की ऐकणाऱ्याला जांभई यावी!

एक्क्याण्णव सालच्या जानेवारीत मी ठरवलं, यंदा एकालाही झोपू द्यायचं नाही. आमच्या शेजारी डॉक्टर सत्यजीत राहायचे, डोळ्यांचे डॉक्टर. त्यांच्याकडे ठिपक्यांचं एक पुस्तक होतं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांनी भरलेलं एक वर्तुळ, आणि त्यात वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी काढलेला एक आकडा. ज्याला लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत त्याला आकडा दिसत नाही, किंवा भलताच दिसतो. डॉक्टरांनी पुस्तक देताना बजावलं, "वहिनी, महागाचं आहे. पोरांची बोटं लागू देऊ नका." मी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस पोरांच्या वर्गात ते बाकाबाकावरून फिरवलं.

मी उघडलेल्या पानावर आकडा होता चौऱ्याहत्तर. पोरं एकेक करून बघायची आणि ओरडायची, "चौऱ्याहत्तर!" खिडकीकडच्या रांगेत पुस्तक जगन घरतपाशी गेलं. जगन गव्हाणचा. बाप आधी मिठागरात कामाला होता, आता जमीन संपादनात गेल्यावर मिळालेल्या पैशात घर बांधून घरीच असायचा. पोरगा मात्र हुशार, आणि रागावावं तर समोर हसतच उभा राहणारा, त्यामुळे त्याला रागावण्यात काही राम नसे.

जगनने पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं, आणि म्हणाला, "एकवीस."

वर्ग हसला. "नीट बघ," मी म्हटलं.

"नीटच बघतो, मॅडम. हा दोन, हा एक. एकवीसच हाय. ही समदी खोटं बोलतात."

मला इतका आनंद झाला की काय सांगू! बारा वर्षं ज्याच्याबद्दल फळ्यावर लिहीत होते तो रंगांधळेपणा माझ्या वर्गात, खिडकीकडच्या रांगेत बसला होता. मी खडू उचलला. म्हटलं, पोरांनो, उठा आणि ऐका. प्रत्येकाच्या पेशीत गुणसूत्रांची एक खास जोडी असते. मुलीला दोन एक्स, मुलाला एक एक्स आणि एक वाय. लाल-हिरवं ओळखण्याची सोय एक्सवर असते. मुलीचा एक एक्स बिघडलेला असला तरी दुसरा निभावून नेतो. मुलाकडे एकच, तो बिघडला की संपलं. आता मुलाला वाय येतो बापाकडून. मग एक्स कुणाकडून?

"आईकडून!" अख्खा वर्ग ओरडला. सगळ्यात मोठ्याने जगन ओरडला.

"म्हणजे जगनच्या आईच्या दोनांपैकी एक एक्स तसा आहे. तिला तो तिच्या आईकडून आला असणार. मग तिच्या भावालाही आला असेल. लोक म्हणतात ना, पोरगा मामावर गेला? अगदी तसं. जगन, तुझा मामा काय करतो?"

"मोरा बंदरात होड्या रंगवतो."

वर्ग बाकांवरून खाली पडायचाच राहिला. जगन स्वतः डोळे पुसत सांगत होता, "खरंच, मॅडम! दादूमामासाठी मामी डब्यावर खडूनं रेघा मारून ठेवते. हिरव्याला एक, तांबड्याला दोन. एकदा पावसानं रेघा धुतल्या नि मामानं एका माणसाची हिरवी होडी तांबडी करून दिली. बोलला, आता हीच फॅशन हाय."

मी फळ्यावर जगनचा वंशवृक्ष काढला. आजी, आई सुनंदा, दादूमामा, जगन. "बहीण आहे?" "हाय, वेणू. वीस दिवसांनी लगीन हाय तिचं, उलव्याला." वेणूला आईचा कुठला एक्स मिळाला ते बाहेरून कळणं शक्य नव्हतं, चांगला असेल किंवा बिघडलेला, अर्धीअर्धी शक्यता. म्हणून मी वेणूच्या नावापुढे एक ठसठशीत प्रश्नचिन्ह काढलं आणि सगळ्यांना आकृती वहीत उतरवून घ्यायला लावली. आकृती नीट नसेल तर मी मार्क कापते हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोरांनी सुबक आकृत्या काढल्या. स्टाफरूममध्ये मी चहा पिता पिता या तासाचं इतकं कौतुक केलं की दोघी उठून गेल्या.

पुढच्या गुरुवारी जगन स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. हसत नव्हता.

"मॅडम, वेणूचं लगीन मोडलं."

झालं होतं असं. माझ्या वर्गात उलव्याची एक मुलगी होती. तिने माझी आकृती घरी दाखवली, कौतुकाने. तिच्या आईने ती शेजारी दाखवली. वेणूचा होणारा नवरा आनंदा म्हात्रे, त्याची आई चांगुणाबाई, तिच्यापर्यंत वही पोचली तेव्हा तिचा अर्थ असा झालेला होता, की घरतांच्या घरात आंधळेपणा आहे, तो बाईकडून पोरांत उतरतो, आणि वेणूला तो आहे का नाही यावर कॉलेजातल्या मॅडमनी स्वतः प्रश्नचिन्ह लावलंय. आनंदाचा बाप नव्हता, घरात शब्द आईचा. चांगुणाबाईंनी निरोप धाडला, आमाला ही पोरगी नको.

मला आधी संतापच आला. हा काय मूर्खपणा, आंधळेपणा आणि रंगांधळेपणा यातला फरक कळत नाही का, वगैरे मी दोन मिनिटं बोलत राहिले. जगनने ऐकून घेतलं.

"आनी बाबा आईशी बोलत नाय, मॅडम," तो म्हणाला. "चार दिस जाले. ‘तुज्या माहेरचं घान माज्या घरात आनलंस’ इतकंच बोलले, नि मंग बंद. आई कोपऱ्यात बसून असते."

माझा संताप तिथेच मावळला. त्या बाईला मी पाहिलेलंही नव्हतं, आणि चव्वेचाळीस वह्यांमध्ये तिचं नाव मी आरोपीसारखं लिहून ठेवलं होतं. मला शरम वाटली, अगदी खरी. मी म्हटलं, "रविवारी मी येते. आधी तुमच्याकडे, मग उलव्याला."

घरी अवधूतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हे सांगितलं. तो पेपरातून मान वर न करता म्हणाला, "एकदा शिकवलंस तर लग्न मोडलं. दुसऱ्यांदा शिकवून काय मोडायचं ठरवलंयस?" मी त्याला त्या दिवशी चहा दिला नाही.

रविवारी सहा आसनी रिक्षात दहावी म्हणून बसून मी गव्हाणला पोचले. नव्या सिमेंटच्या घराला बाहेरून पोपटी रंग होता, आणि ओटीवर विठूभाऊ, जगनचे वडील, खुर्चीत ताठ बसले होते. सुनंदाबाईंनी पाणी आणून दिलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले. आत वेणू होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता, पण ती बाहेर आली नाही.

मी बोलायला तोंड उघडायच्या आत विठूभाऊंनी सुरू केलं. "बाई, माज्या घराण्यात हे नाय. मी विठू, माजा बाप गोमा, त्याचा बाप जोमा, त्याचा बाप हाल्या, त्याचा बाप पोशा..." असे सात बाप त्यांनी एका दमात म्हणून दाखवले. "सात पिढ्यांत कुनाच्या डोल्याला काय नवतं. सोयरीक करताना आमी देवक बघितलं, कूल बघितलं, समदं चोख."

मला तेव्हा लख्ख कळलं की ही माणसं चुकतात कुठे. कूळ बघतात ते बापाचं. देवक बघतात ते बापाचं. आणि ही गोष्ट चालते ती बायकांच्या पोटातून, एका गावातून दुसऱ्या गावात लग्न होऊन जाणाऱ्या, आणि त्यांच्या आयांची नावं कुणालाच पाठ नसतात.

"विठूभाऊ," मी म्हटलं, "तुमच्या सात पिढ्या चोख असतील. पण या बाबतीत जगनला त्यांच्याकडून काहीही मिळालेलं नाही. चोख नाही, वाईट नाही, काहीच नाही. फार तर मिशा मिळाल्या असतील."

आतून वेणू हसल्याचा आवाज आला. विठूभाऊंना ते अजिबात आवडलं नाही.

मग सुनंदाबाई पहिल्यांदा बोलल्या, अगदी हळू. "बाई, खरं सांगाल? म्हंजे ते माज्यामुलंच ना?"

मला खोटं बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण चव्वेचाळीस पोरांना एक सांगायचं आणि तिच्या तोंडावर दुसरं, हे मला जमणार नव्हतं. "हो," मी म्हटलं. "तुमच्याकडूनच." आणि मग घाईघाईने पन्नास टक्के, वाहक, अप्रभावी जनुक, असं काहीबाही बोलत सुटले. तिने पदर तोंडाला लावला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट तास तो.

"चला," मी उठले. "उलव्याला जाऊ."

विठूभाऊ म्हणाले, "आमी पोरीकडचे. लगीन त्यांनी मोडलं. आमी का म्हनून त्यांच्या दारी जायचं?"

"मग तुम्ही बसा. तुमचं घराणं मोजत बसा. सुनंदाताई, जगन, तुम्ही चला." बायको चप्पल घालायला लागली तसे विठूभाऊही उठले. माणूस वाईट नव्हता, नुसता घाबरलेला होता. पोरगी घरात राहील, लोक बोलतील, आणि हे सगळं कुणाच्या तरी डोक्यावर टाकायला हवं होतं.

चांगुणाबाई अंगणात सूप घेऊन वाल निवडत बसल्या होत्या. साठीच्या, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. किडका दाणा दिसला की बोटाने असा उडवायच्या की तो कोंबड्यांपर्यंत जायचा. आम्हाला बघून उठल्या नाहीत, पण पाटाकडे बोट दाखवलं. त्यांचा मुलगा आनंदा रेती-विटांचा धंदा करायचा. तो दारात येऊन उभा राहिला आणि खाली मान घालून जगनकडे बघून कसनुसं हसला. पोराच्या मनात लग्न मोडायचं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"मास्तरीनबाई," चांगुणाबाई म्हणाल्या, "तुमीच लिवलंव, नि तुमीच पुसायला आलाव काय?"

"पुसायला नाही. समजावून सांगायला आले."

"मी शाला बघितली नाय."

"शाळा लागत नाही. तुमचे चार वाल द्या."

मी त्यांच्या सुपातूनच घेतले. दोन वाल सुनंदाबाईंच्या हातावर ठेवले, एक चांगला, एक किडका. विठूभाऊंच्या हातावर एक चांगला वाल आणि अंगणातला एक खडा. म्हटलं, "बाईकडे दोन वाल. गड्याकडे एक वाल आणि एक खडा. मूल होताना दोघांनी मुठीतलं एकेक द्यायचं, न बघता. बापाने वाल दिला तर पोरगी. खडा दिला तर पोरगा. आई काय, वालच देणार, तिच्याकडे खडा नाहीच. डोळ्यांना रंग कळायला एक चांगला वाल पुरतो."

चांगुणाबाईंचा हात सुपात थांबला. "थांबा," त्या म्हणाल्या. "म्हंजे पोराकडं वाल एकच. तो आईचा."

"हो."

"तो किडका आला तर पोराकडं दुसरा नाय."

"नाही."

"नि पोरीकडं एक बापाचा असतो, म्हनून तिला कलत नाय. पन किडका मुठीत बसलेला असतो. तो ती फुडं पोराला देते."

बारावीच्या पोरांना हे समजायला मला तीन तास लागायचे, आणि तरी परीक्षेत निम्मी चुकायची. ही बाई सुपापासून हलली नव्हती.

"म्हंजे पोरगी बघताना पोरीचा बाप बघून फायदा नाय," चांगुणाबाई पुढे गेल्या. "पोरीची आई बघायची, नि आईचा भाऊ बघायचा." त्यांनी विठूभाऊंकडे असं पाहिलं की त्यांचे सात बाप एका क्षणात निकालात निघाले. मग माझ्याकडे वळल्या. "आता सांगा. वेणूच्या मुठीत किडका हाय का नाय?"

इथे मी अडकले. इतकं चांगलं शिकवलं होतं की आता सुटका नव्हती. "माहीत नाही," मी म्हटलं. "असेल किंवा नसेल. अर्धंअर्धं."

"मंग मी बराबर बोलले. माजा आनंदा चोख हाय. मी कशाला घेऊ अर्धंअर्धं?"

सुनंदाबाईंनी हातावरचे वाल हळूच सुपात ठेवले. विठूभाऊ उठायला लागले. मी घाईघाईने पिशवीतून डॉक्टरांचं पुस्तक काढलं, ते परत द्यायचं अजून राहिलंच होतं. म्हटलं, निदान बघा तरी काय असतं ते. कुणी मरत नाही, कुणाला ठेच लागत नाही. जगनला इतकंच होतं की हा आकडा त्याला वेगळा दिसतो. मी पान उघडून आनंदासमोर धरलं. त्यात माझा काहीही कावा नव्हता. तो सगळ्यात जवळ उभा होता, एवढंच.

आनंदाने बघितलं. आनंदा म्हणाला, "एकवीस."

जगन असा ओरडला की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. "मॅडम! ऐकलं का? मी पैल्यापासून सांगत हाय, एकवीसच हाय!" आणि त्याने होणाऱ्या मेहुण्याला मिठीच मारली. आनंदाला काही कळत नव्हतं, पण एक माणूस आपल्या बाजूने आहे एवढं कळलं.

"पुस्तक खोटं हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. त्यांनी ते माझ्या हातून ओढून घेतलं. आकडे त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून मी त्यांचं बोट धरून ठिपक्यांवरून फिरवणार होते, पण त्यांनी स्वतःच फिरवलं. सातावरून, चारावरून, एकदाही न चुकता. मग पोराचं बोट धरलं आणि म्हणाल्या, "तू फिरव." आनंदाचं बोट दुसऱ्याच वाटेने गेलं.

त्या खाली बसल्या. "तरीच," त्या म्हणाल्या. "टेंपो घेताना हिरवा घ्यायला गेला, नि तपकिरी घेऊन आला. मला वाटलं, गाडीवाल्यानं फसवलं. मी जाऊन दोन तास भांडले त्याच्याशी."

"आई, तो हिरवाच हाय," आनंदा म्हणाला.

"गप!"

आता मी काही बोलायची गरजच नव्हती. आनंदाकडे वाल एकच. तो आईचा. चांगुणाबाईंना हे मीच शिकवलं होतं आणि त्या माझ्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनी होत्या. त्यांनी स्वतःच्या रिकाम्या मुठीकडे पाहिलं. मग एकदम त्यांचा आवाज बदलला.

"माजा भाऊ होता," त्या म्हणाल्या. "माज्याहून ल्हान. बाप त्याला मल्यात पिकल्या मिरच्या तोडायला धाडायचा. तो टोपली भरून हिरव्या आनायचा. बाप मारायचा त्याला. ‘आंधला हायस काय?’ बोलून मारायचा. आमी समदी हसायचो." त्यांनी सूप बाजूला सारलं. "त्याला दिसतच नवतं की ओ."

तेव्हा मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. आणि एक गोष्ट इतकी स्वच्छ दिसली की मला स्वतःच्याच मुस्कटात दोन माराव्याशा वाटल्या. हे कुणाकडून येतं ते मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, बाण काढून. पण त्याने बिघडतं काय, हे मी वर्गात सांगितलंच नव्हतं. आणि बिघडत तर जवळपास काहीच नाही! गाडी चालते, धंदा चालतो, होड्यासुद्धा रंगवून होतात. रेल्वेत ड्रायव्हर होता येत नाही, इतकंच. हे मी त्या अंगणात सांगितलं, उभी राहून, घसा फुटेपर्यंत. म्हटलं, असे गडी शंभरात सात-आठ असतात. उलव्यात डझनावारी निघतील. तुम्ही कितीजणांची लग्नं मोडणार?

शेजारचा एक म्हातारा पुस्तकाकडे हात पुढे करत होता. त्याला मी म्हटलं, नंतर.

चांगुणाबाईंनी पदराने डोळे कोरडे केले. त्या सरळ बाई होत्या, हे मला मान्य करावंच लागेल. आपण मोडलेली गोष्ट आता त्याच कारणाने समोरचेही मोडू शकतात, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. विठूभाऊंचा चेहरा बघून ते दिसतच होतं. उलव्याला आल्यापासून त्यांची मान पहिल्यांदा ताठ झाली होती, आणि तोंडात काहीतरी येऊ घातलं होतं.

पण चांगुणाबाई त्यांच्याशी बोलल्याच नाहीत. त्या सुनंदाबाईंसमोर जाऊन बसल्या. "विहीनबाई," त्या म्हणाल्या, "मी तुमाला नको ते बोलले. माज्या मुठीत किडका, तुमच्या मुठीत किडका. आता तुमी बोला. पोरगी देताव का नाय?"

विठूभाऊ म्हणाले, "बघू, इचार करून..."

"तुमाला नाय इचारलं," चांगुणाबाई म्हणाल्या.

सुनंदाबाईंनी सगळा दिवस जे धरून ठेवलं होतं ते आता सुटलं. आधी मला वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या. "देते की," त्या म्हणाल्या. "माजी वेणू ल्हानपनापासून भावाला शर्ट काढून देते, कुठला कशावर घालायचा ते. आता नवऱ्याला काढून देल. हात बसलाय तिचा."

मग काय विचारता! चहा झाला, पोहे झाले, आणि माझ्या पुस्तकासमोर अंगणात रांग लागली. त्या दिवशी उलव्यात अजून तिघे एकवीसवाले निघाले. त्यातला एक ग्रामपंचायतीत होता. डॉक्टरांच्या पुस्तकाला पोह्याची हळद लागली ती कायमची, आणि पुढे दोन महिने ते माझ्याशी जिन्यातही बोलले नाहीत. ते जाऊ द्या.

परतताना सहा आसनीत विठूभाऊ ड्रायव्हरशेजारी बसले, मागे आम्ही दोघी आणि जगन. खाडीवरून वारा येत होता. सुनंदाबाईंनी मला कोपराने हळूच ढोसलं.

"बाई, पोराला बापाकडनं खडाच जातो ना?"

"या बाबतीत, हो."

"नि वाल माजा."

"तुमचाच. एकटीचा."

"त्या वालात नुसतं रंगाचंच असतं?"

"नाही हो. शेकडो गोष्टी असतात. रक्त कसं गोठायचं, स्नायू कसे वाढायचे, मेंदूचंसुद्धा पुष्कळ काही. किडकी त्यातली एक, बारीकशी."

"नि ते समदं जगनला माज्याकडनं?"

"त्या वालातलं सगळं. दुसरीकडून यायला वाटच नाही."

गव्हाणचा फाटा दिसायला लागला तेव्हा त्या पुढे वाकल्या आणि नवऱ्याच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं.

"ऐकलंव का? दहावीला त्याला गनितात पंच्याऐंशी पडले. ते तुमच्या घराण्याचं नवतं. ते माजं."

आता गणिताबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. गणिताचे मार्क एक्सवर असतात असं कुठल्याही पुस्तकात नाही, आणि परीक्षेत कुणी तसं लिहिलं असतं तर मी लाल पेनाने काट मारून भोपळा दिला असता. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले. बारा वर्षांच्या नोकरीत चूक ऐकून गप्प बसायची माझी ही पहिलीच वेळ.

विठूभाऊंनी मागे वळून बायकोकडे पाहिलं.

"बरं बाय," ते म्हणाले. "तुजंच."